विचारा तर खरं : रशियाच्या पोटातल्या गुहा

मागच्या अंकात रशियातल्या कुंगूर गुहेचा फोटो छापला होता, बर्फाच्या झुंबरांचा, आणि त्यावरून बरेच प्रश्न आलेत. सगळे घेता आले नाहीत, पण ज्यांची उत्तरं लिहिताना मलाच मजा आली ते घेतलेत.

रशियात आपल्या वेरूळ-अजिंठ्यासारखी लेणी आहेत का? — कॉलेजचा एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. लेणी माणसाने छिन्नी-हातोडा घेऊन कोरलेली असतात आणि गुहा आपोआप तयार होते, मराठीत याला दोन वेगळे शब्द आहेत हे किती बरंय. आपला सह्याद्री म्हणजे बेसॉल्ट, काळा कातळ, तो कोरायला उत्तम पण पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे मैलोनमैल लांब नैसर्गिक गुहा आपल्याकडे होतच नाहीत, त्या बघायच्या तर मेघालयात जावं लागतं, कारण तिकडे चुनखडी आहे.

रशियात चुनखडी भरपूर आणि शिवाय उरल पर्वताच्या पश्चिमेला पर्म भागात जिप्सम. पीओपी ज्यापासून बनतं तोच हा दगड. पीओपीचा गणपती विसर्जनात विरघळत नाही म्हणून आपण ओरडतो, पण वाहतं पाणी हजारो वर्षं मिळालं की जिप्सम विरघळतो, आणि चुनखडीपेक्षा लवकर विरघळतो. कुंगूर गुहा अशीच झालीये. सापडलेली लांबी साधारण 5.7 किलोमीटर, आत लहानमोठी सत्तरएक तळी, टूरिस्टना साधारण दीड किलोमीटर फिरवतात. 1914 मध्ये अलेक्सांद्र ख्लेब्निकोव्ह नावाच्या माणसाने गुहा भाड्याने घेऊन लोकांना दाखवायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तिथे व्हिक्टोरिया बॅटनबर्ग आली होती, रशियाच्या राणीची सख्खी बहीण. आपल्याशी नातं सांगायचं तर शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची आई!

उन्हाळ्यातसुद्धा आत बर्फ कसा राहतो? आत एसी लावलाय का? — आठवीतली एक मुलगी, सांगली

एसी नाहीये पण तू विचारलंस ते अगदी बरोबर दिशेने आहे, कारण हा सगळा खेळ हवेचाच आहे. गुहेला एक तोंड खाली आणि वर डोंगरात भेगा, म्हणजे चुलीवरच्या धुराड्यासारखी रचना झाली. खोल आत वर्षभर साधारण 5 अंश टेंपरेचर असतं. हिवाळ्यात बाहेर उणे 20 असताना ही 5 अंशाची हवा बाहेरच्यापेक्षा गरम आणि हलकी, ती वरच्या भेगांमधून निघून जाते आणि तिची जागा घ्यायला खालच्या तोंडातून बाहेरची जड गार हवा आत ओढली जाते, तोंडाजवळची दालनं गोठतात, छतातून ठिबकणारं पाणी बर्फ होतं. उन्हाळ्यात उलटं. आतली गार हवा जड म्हणून खालच्या तोंडाने बाहेर वाहते, आणि बाहेरची गरम हवा त्या बाजूने आत शिरूच शकत नाही. म्हणून पहिल्या एकदोन दालनांत जुलैतही स्वेटर लागतो आणि पुढे आत गेलं की उलट जरा ऊब, हे ऐकून मला स्वतःला आधी खरंच वाटलं नव्हतं.

गुहेत सापडलेल्या एका बोटावरून नवीन माणूस ओळखला असं वाचलं. एवढ्याशा हाडावरून कसं काय? — निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

बाई, ही डेनिसोव्हा गुहा, दक्षिण सैबेरियात अल्ताई पर्वतात. डेनिस नावाचा साधू तिथे राहायचा म्हणून हे नाव, स्थानिक अल्ताई लोक तिला आयू-ताश म्हणतात, म्हणजे अस्वलाचा दगड. 2008 मध्ये तिथे करंगळीच्या टोकाचं हाड मिळालं, एवढंसं, एका मुलीचं. जर्मनीत लाइपझिगला स्वांते पाबो यांच्या टीमने त्यातला डीएनए वाचला आणि 2010 मध्ये जाहीर केलं की ही आपल्यासारखी पण नाही आणि निअँडरथलही (माणसाची नामशेष झालेली दुसरी जात) नाही, तिसरीच, गुहेवरून नाव पडलं डेनिसोव्हन. पाबोंना 2022 चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

हाड छोटं असून चाललं कारण गुहा थंड आहे, आतलं सरासरी टेंपरेचर शून्याच्या आसपास, आणि थंडीत डीएनए टिकतो. आपल्याकडच्या उष्ण दमट हवेत तो एवढा टिकणं फार अवघड.

त्यापुढची गोष्ट तर मला अजून आवडते. त्याच गुहेतल्या दोनेक हजार हाडांच्या तुकड्यांमधून, जे बहुतेक जनावरांचे होते, प्रोटीन तपासून एक माणसाचा तुकडा वेगळा काढला, जेमतेम दोनएक सेंटिमीटरचा. 2018 मध्ये कळलं की हा तुकडाही एका मुलीचा, पण वेगळ्या, आणि तिची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोव्हन! साधारण 90 हजार वर्षांपूर्वीची पोर. शास्त्रज्ञ तिला लाडाने डेनी म्हणतात. डेनिसोव्हन लोकांचा थोडा अंश आजही पापुआ न्यू गिनीच्या माणसांत आहे, आणि तिबेटी लोकांना विरळ हवेत राहायला मदत करणारं एक जीन त्यांच्याकडूनच आलंय. चेहरा मात्र कित्येक वर्षं माहीतच नव्हता, 2025 मध्ये चीनमधली हार्बिनची कवटी डेनिसोव्हनचीच असल्याचं दाखवलं गेलं.

गुहेतली जुनी चित्रं फक्त फ्रान्स-स्पेनमध्येच आहेत ना? — वाचक, ठाणे

नाही हो. उरलच्या दक्षिणेला बाश्कोर्तोस्तानमध्ये बेलाया नदीकाठी शुल्गान-ताश गुहा आहे, तिलाच कापोवा म्हणतात. 1959 मध्ये तिथल्या अभयारण्यातला प्राणिशास्त्रज्ञ रियूमिन आत गेला आणि त्याला भिंतीवर लाल गेरूने काढलेले मॅमथ, घोडे, गेंडे दिसले, हिमयुगातले. 2017 मध्ये चुन्याचा थर काढल्यावर एक उंटही मिळाला. मूळ चित्रांजवळ गर्दी नेत नाहीत, श्वासाच्या वाफेने ती खराब होतात, लोकांना प्रतिकृती दाखवतात आणि हे अगदी योग्य आहे असं मला वाटतं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत आपले रायगड, राजगड, शिवनेरी वगैरे 12 किल्ले जागतिक वारसा झाले ना, त्याच बैठकीत ही चित्रंसुद्धा झाली. त्याच जंगलात झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या रानमधमाश्याही जपल्यात, ते वेगळंच.

रशियातली सगळ्यात लांब गुहा कोणती? — वाचक, पुणे

बोतोव्स्काया, इर्कुट्स्क प्रांतात, 60 किलोमीटरच्या वर. वाळूच्या खडकाच्या दोन थरांमध्ये सँडविचसारखी चुनखडी आहे आणि त्यात नुसतं भुलभुलैयासारखं जाळं. पाण्याखालची हवी असेल तर पर्मजवळची ओर्दा, जिप्समची, डायव्हर लोक तिथल्या काचेसारख्या पाण्यासाठी जगभरातून जातात.

गुहेचा आणि ग्लोबल वॉर्मिंगचा काही संबंध? — वाचक, नागपूर

आहे, आणि थेट आहे. सैबेरियात जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. जमीन गोठली की पाणी झिरपत नाही, पाणी नाही तर गुहेत चुन्याचे खांब वाढत नाहीत. म्हणजे खांब कधी वाढला हे कळलं की वरची जमीन कधी वितळली होती ते कळतं, आणि खांबाचं वय त्यातल्या युरेनियम-थोरियम या किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून काढता येतं. बोतोव्स्काया धरून सैबेरिया-मंगोलियातल्या सहा गुहांमधले नमुने असे तपासले आणि 2013 मध्ये निकाल आला. लेना नदीवरची लेदियानाया लेन्स्काया ही सहातली सगळ्यात उत्तरेची गुहा, 60 अक्षांशावरची. तिच्यातले खांब गेल्या पाच लाख वर्षांत एकदाच वाढलेले दिसले, साधारण 4 लाख वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वी औद्योगिक क्रांतीच्या आधीपेक्षा सुमारे दीड अंशाने गरम होती, हो, हवामानाच्या पॅरिस करारात ज्याच्यावर एवढी चर्चा झाली तोच दीड अंश. म्हणजे तेवढी गरमी पुन्हा झाली तर ही जमीन पुन्हा वितळू शकते. आणि त्या गोठलेल्या जमिनीवर आज अख्खी शहरं, रेल्वे, गॅसच्या पाइपलाइन उभ्या आहेत.

पुढच्या वेळी दुसरा विषय, पण गुहेचे अजून प्रश्न असतील तर बिनधास्त पाठवा, घेईन.