बारावीच्या परीक्षेआधी मुलाला धडधडतं, झोप येत नाही. व्यायामासाठी अभ्यासातला वेळ काढू द्यावा का?

हो, जरूर काढू द्या, रोज संध्याकाळी निदान पाऊण तास, आणि परीक्षा सुरू झाली म्हणून तो बंद करू नका. पणजीच्या मिरामार समुद्रकिनाऱ्याजवळ राहता असं लिहिलंय, मग ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून घाम येईपर्यंत झपाझप चालणं उत्तम. मी फोंड्यात अकरावी-बारावीला शिकवते. परीक्षा जवळ आली की खेळ बंद करून घरात कोंडलेली मुलंच आधी कोलमडताना दिसतात. जागतिक आरोग्य संघटनाही 5 ते 17 वयोगटाला दिवसाला सरासरी 60 मिनिटं शारीरिक हालचाल सुचवते. अंग थकलं की झोप गाढ लागते, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोपच लागते. धडधड सुरू झाली की पुस्तक मिटायचं, पावलं थंड लादीवर टेकवायची, चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, असं पाच मिनिटं. उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात. मन भरकटणारच, स्वतःवर न चिडता ते परत श्वासावर आणायचं, एवढंच. पण हे पेपरच्या सकाळी पहिल्यांदा करून जमत नाही, आजपासून सवय लावा. मात्र दोन आठवडे झोप-जेवण बिघडलेलंच राहिलं तर बांबोळीच्या सरकारी मानसोपचार संस्थेत तज्ज्ञांना दाखवा. आणि ‘मला जगायचंच नाही’ असं काही तो बोलला तर त्याला एकटं न सोडता ताबडतोब टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा.