नाशिकमध्ये शिक्षक आणि वस्तीवरच्या तरुण कार्यकर्त्यांसाठी शाळागळती रोखण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. त्यात नेमकं काय शिकवावं?

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरचे आणि नाशिक शहरातल्या वस्त्यांमधले, असे दोन्हीकडचे लोक येणार आहेत, हे धरून सांगते. मी इथेच शिक्षक प्रशिक्षणाचं काम करते. मूल शाळा सोडतं त्याच्या कितीतरी आधीपासून ते अधूनमधून बुडवायला लागलेलं असतं. ते वेळेत ओळखायचं आणि त्याच आठवड्यात त्याच्या घरी जायचं, एवढं जरी दोन दिवसांत पक्कं झालं तरी पुष्कळ. शिक्षणाच्या महत्त्वावरची भाषणं ठेवूच नका. येणाऱ्यांना ते पटलेलं आहे, म्हणून तर ते येताहेत.

पहिली सकाळ हजेरीपटाला द्या. नावं झाकून जुन्या हजेरीपटांच्या झेरॉक्स काढा, चौघाचौघांच्या गटात वाटा आणि विचारा, यातलं कोणतं मूल पुढच्या वर्षी वर्गात दिसणार नाही? महिन्याच्या टक्केवारीतून ते कळत नाही, एकेका मुलाची ओळ वाचायला लावा. पंचवटीकडचा एखादा मुलगा दर बुधवारी गैरहजर असेल, तर तो गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात आईच्या दुकानावर बसत असण्याची शक्यता मोठी. सातवीतली मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस सलग येत नसेल, तर आधी शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, दाराला कडी आहे का, ते बघा. आणि एरवी नियमित येणारा मुलगा चाचणीच्या दिवसांतच गायब होत असेल, तर बहुतेक त्याला वाचता येत नाही आणि तो ते लपवतोय. त्याला घरून ओढून आणलं तरी तो टिकणार नाही. त्याच्या वाचनाच्या पातळीपासून रोज अर्धा तास कुणीतरी त्याला घेऊन बसायला हवं.

दुपारी गृहभेटीचा सराव घ्या, तोही उभं राहून, भूमिका वाटून. एकीला कामावरून नुकती आलेली आई करा, एकाला शिक्षक. बहुतेकांच्या तोंडून पहिलं वाक्य येतं, "पोराला शाळेत का पाठवत नाही?" आई म्हणते, "पाठवते उद्यापासून." संपलं बोलणं. त्याऐवजी "चार दिवस दिसला नाही, म्हणून आले. बरा आहे ना?" असं म्हणून थांबायला शिकवा. मग विचारायचं, "तुम्ही कामावर गेल्यावर धाकट्याला कोण सांभाळतं?" या एका प्रश्नातून जेवढं कळतं तेवढं छापील फॉर्म भरून कळत नाही. भेट संध्याकाळचीच ठेवायची, सकाळी माणसं मजूर नाक्यावर गेलेली असतात. पाड्यावर घरात कोकणा ही आदिवासी बोली असेल तर शिक्षकाने मागे राहावं आणि गावातल्याच तरुणाने बोलावं. तुमच्या प्रशिक्षणात दोघांना एकत्र बसवण्याचा खरा फायदा हा आहे, म्हणून जोड्या पहिल्याच दिवशी लावून टाका.

दुसऱ्या दिवसाचा मोठा भाग स्थलांतराला द्या. नाशिकमध्ये हा विषय टाळून गळतीवर बोलताच येत नाही. दिवाळीच्या आगेमागे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर निघतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी आणि पुढे मार्चपर्यंत काढणी, असं काम चालू राहतं. म्हणून प्रशिक्षण सप्टेंबरमध्येच घ्या, म्हणजे टोळ्या हलण्याआधी प्रत्येक जोडी आपल्या गावाची यादी करू शकेल. कोण जाणार, कुठल्या गावाला, मूल आजीकडे राहू शकतं का, हंगामी वसतिगृहाचा (आईवडील कामाला गेले तरी मुलं गावातच राहून शिकतील अशा सोयीचा) प्रस्ताव गेला आहे का, हे सगळं यादीत हवं. जाणाऱ्या मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवून बसता येईल असं शाळेचं कार्ड, द्यायचं आणि तिकडच्या मुख्याध्यापकांना आधीच फोन करायचा. दाखला नाही म्हणून मूल परत पाठवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ मध्ये आहे. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळतं. ही दोन कलमं तरुणांना तोंडपाठ हवीत, कारण शाळेच्या दारात वाद घालायची वेळ त्यांच्यावरच येते.

आणखी एक जागा फार निसटती आहे. चौथी किंवा सातवीनंतर गावातली शाळा संपते आणि पुढची दुसऱ्या गावात असते. जुन्या शाळेने दाखला दिला, नवीन शाळेला मूल येणार होतं हे माहीतच नाही, आणि जूनमध्ये ते कुणाच्याच पटावर नसतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेल्या 'चेक अँड कनेक्ट' या पद्धतीतली एक गोष्ट मला इथे मोलाची वाटते: एकच मोठं माणूस किमान दोन वर्षं त्या मुलाबरोबर राहतं, शाळा बदलली तरी. आपल्याकडे शिक्षकाला ते जमणार नाही, त्याची बदली होते, वर्ग बदलतो. वस्तीवरचा तरुण ते करू शकतो. एका तरुणाकडे चार-पाचच मुलं द्या, वीस देऊ नका. एसटीचा पास, नव्या शाळेतला पहिला दिवस, पहिली चाचणी, इथपर्यंत त्याने सोबत असावं.

तरुणांना मर्यादाही स्पष्ट सांगा. भेटीला एकट्याने जायचं नाही, मुलाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, पैशाचं आश्वासन द्यायचं नाही. मुलीचं लग्न ठरल्याचं कानावर आलं तर स्वतः जाऊन भांडायचं नाही. गावात ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला कळवायचं, नाहीतर १०९८ वर फोन करायचा.

शेवटच्या तासाला मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्यांना) बोलवा. त्यांच्यासमोर प्रत्येक जोडीने आपल्या मुलांची नावं आणि पहिल्या गृहभेटीची तारीख सांगावी, आणि पुढच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक बैठकीत, याच मुलांसाठी अर्धा तास मिळेल, एवढं त्यांच्याकडून तिथेच कबूल करून घ्या.