दोन महिन्यांच्या बाळाचा एचआयव्हीचा पीसीआर पॉझिटिव्ह, औषध आत्ताच सुरू करायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाच्या दोन महिन्यांच्या बाळाचा पीसीआर (रक्तात थेट एचआयव्हीचा विषाणू शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आलाय आणि घरात सगळे म्हणतायत एवढ्याशा जिवाला कडक औषधं नकोत, जरा बाळसं धरू दे मग बघू. मी कोल्हापुरात एचआयव्ही असलेल्या मुलांच्या घरच्यांसोबत बरीच वर्षं काम करतोय, कागल म्हणा गडहिंग्लज म्हणा, हे वाक्य सगळीकडं ऐकलंय. स्पष्टच सांगतो, थांबू नका.

हा विचार पूर्वी डॉक्टर लोकं पण करायचे. सीडीफोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला असेल, बाळ खेळतंय पितंय तर वाट बघायची. मग दक्षिण आफ्रिकेत 'चेर' नावाची ट्रायल झाली, त्यात 6 ते 12 आठवड्यांची, वरून अगदी ठणठणीत दिसणारी बाळं घेतली, काहींना लगेच औषध आणि काहींना आजाराची लक्षणं दिसली किंवा सीडीफोर उतरला की मग. थांबवलेल्या 125 पैकी 20 बाळं गेली, लगेच सुरू केलेल्या 252 पैकी 10. म्हणजे 16 टक्के विरुद्ध 4 टक्के. 2007 मध्ये देखरेख समितीनं आकडे बघितले आणि थांबवलेल्या बाळांना पण औषधासाठी बोलवून घ्यायला लावलं, 2008 ला जागतिक आरोग्य संघटनेनं नियमच बदलला. तुमचं बाळ आत्ता नेमकं त्याच वयात आहे, म्हणून एवढं पोटतिडकीनं लिहितोय.

आणि औषध आता पूर्वीसारखं राहिलं नाही हो. आधी लोपिनावीरचं सिरप असायचं, कडूजहर, त्यात 42 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, पोरं थुंकून टाकायची आणि आया रडकुंडीला यायच्या. आता डोलुटेग्राविरची पाण्यात विरघळणारी 10 मिलिग्रॅमची गोळी आहे, स्ट्रॉबेरीच्या चवीची, 4 आठवडे वय आणि 3 किलो वजन झालं की देता येते. 'ओडिसी' ट्रायलमध्ये 707 मुलं होती, 96 आठवड्यांत डोलुटेग्राविरवाल्यांत 14 टक्के मुलांचे उपचार फेल गेले, जुन्या औषधांवर 22 टक्के. डोस वजनावर ठरतो, त्यामुळं दर व्हिजिटला वजन करून घ्याच, बाळ वाढलं आणि डोस तोच राहिला असं होऊ देऊ नका.

सेप्ट्रानचं (इन्फेक्शन टाळणाऱ्या अँटिबायोटिकचं) सिरप दिलं असेल तर ते साधं म्हणून सोडू नका. झांबियात 2004 च्या अभ्यासात नुसत्या त्या स्वस्त औषधानं मुलांचे मृत्यू 43 टक्क्यांनी कमी झाले. ते न्यूमोनिया आणि बाकीच्या इन्फेक्शनपासून राखतं, एआरटी म्हणजे एचआयव्हीचं औषध सुरू झालं तरी डॉक्टर सांगेपर्यंत चालूच ठेवायचं.

घरात कुणाला टीबी आहे का, खोकला लांबलाय का, हे पण आधीच सांगा, कारण बाळाला टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं.

वर एका दादांनी लिहिलंय की हे सगळे प्रयोग आफ्रिकेतल्या गरीब पोरांवर झालेत, आपल्याला काय लागू. दादा, मुलांच्या सौम्य टीबीला 6 ऐवजी 4 महिने पुरतात हे ज्या 'शाईन' ट्रायलनं दाखवलं त्यात पुणे आणि चेन्नईची मुलं पण होती. आणि मुलांवर अभ्यासच झाला नसता तर आजही मोठ्यांच्या गोळ्यांचे तुकडे करून अंदाजानं पाजत बसलो असतो. त्या आयांनी पोरं दाखल केली म्हणून आपल्याला आज नेमका डोस माहीत आहे.

आता करायचं काय, तर रिपोर्ट आणि आईचं कार्ड घेऊन लगेच कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या एआरटी सेंटरला जा, औषध फुकट मिळतं. खात्रीसाठी दुसरा नमुना घेतील, पण त्याच्या रिपोर्टसाठी औषध अडवायचं नसतं. बाहेरच्या लॅबमध्ये साधी रॅपिड टेस्ट करत बसू नका, 18 महिन्यांपर्यंत आईच्या अँटीबॉडी बाळात असतात, तिचा काही उपयोग नाही. गल्लीत, अंगणवाडीत कुणाला सांगायची सक्ती नाही, 2017 चा एचआयव्ही कायदा तुमच्या बाजूनं आहे.

आणि वहिनींचं स्वतःचं औषध नीट चालू आहे ना? ते तुम्ही लिहिलंच नाही, तेवढं विचारून इथं सांगा.