वाचकांचे प्रश्न : समुद्र आणि चहाच्या पलीकडची श्रीलंका

प्रश्न : आम्ही सोलापूरची तीन जोडपी, सगळेच साठीच्या पुढचे. मी शाळेत इतिहास शिकवीत असे आणि माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. मला नुसते डोंगर आणि झाडे पाहून कंटाळा येतो, तर त्यांना पडक्या भिंती दाखवल्या की जांभया येतात. मुले दुबई, थायलंड अशी नावे सुचवतात. इतिहास आणि निसर्ग दोन्ही एकाच देशात, आठ-दहा दिवसांत आणि फार धावपळ न करता पाहता येतील का? आमच्यापैकी एकाने श्रीलंका सुचवली, पण “तिथे समुद्र आणि चहाचे मळे यांखेरीज आहे काय?” असे यजमानांचे म्हणणे आहे.
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : आपल्या यजमानांच्या शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण श्रीलंकेला जावे ते त्यांच्यासारख्या माणसाने, असे माझे मत आहे. त्यांना एवढेच सांगा की या देशाचा खरा ठेवा म्हणजे तिथली तळी आणि कालवे होत, आणि ते पाहताना पाटबंधारे खात्यात घालवलेली वर्षे त्यांच्या कामी येतील.

आपल्या सिद्धेश्वर तलावाकाठी आपण लहानपणापासून फिरलो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तो खोदवला, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच शतकात, इ.स. ११५३ ते ११८६ या काळात, श्रीलंकेत पोलोन्नरुव येथे पहिला पराक्रमबाहू राज्य करीत होता. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्रात जाऊ देऊ नये, असे त्याचे धोरण होते, अशी नोंद तिथल्या इतिवृत्तात आहे. जुनी लहान तळी जोडून आणि वाढवून त्याने जो जलाशय बांधला, त्याला पराक्रम समुद्र असेच नाव पडले. आजही सुमारे २२ चौरस किलोमीटरवर पाणी पसरलेले असते आणि त्यावर भातशेती होते. भरावावरून संध्याकाळी चालत गेलो, तेव्हा मला हे प्रेक्षणीय स्थळ वाटलेच नाही. चालू स्थितीतले धरण वाटले, आणि तेच मला आवडले.

श्रीलंकेचा उत्तर आणि पूर्वेकडचा मोठा भाग तिथे ‘कोरडा प्रदेश’ म्हणून ओळखला जातो. आपल्याला याचे हसू येईल, कारण तिथे सोलापूरपेक्षा बराच अधिक पाऊस पडतो. पण तो मुख्यतः वर्षअखेरीच्या काही महिन्यांत पडतो आणि उरलेला काळ कडक उन्हाचा असतो; त्यामुळे साठवण केली नाही तर पीक नाही, ही आपलीच गोष्ट तिथेही आहे. म्हणून तिथल्या राजांनी गावोगावी तळी बांधली. सिंहली भाषेत तळ्याला ‘वेव’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘वापी’वरून आलेला आहे. या तळ्यांच्या भरावात ‘बिसोकोटुव’ नावाची दगडी चौकोनी विहीर असते. आपल्याकडच्या विमोचकाचे काम ती करते : पाण्याचा दाब आणि प्रवाह आवरून ते कालव्यात सोडायचे, म्हणजे भराव फुटत नाही. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कलावेव हे तळे बांधले. तिथून अनुराधपूर या जुन्या राजधानीकडे पाणी नेणारा योद एल हा कालवा सुमारे ८७ किलोमीटर लांब असून, त्याच्या सुरुवातीच्या टप्प्याचा उतार दर मैलाला जेमतेम सहा इंच आहे. दुर्बिणीच्या उपकरणांशिवाय हे कसे साधले असेल, यावर आपले यजमान आणि आपण जेवणाच्या टेबलावर तासभर वाद घालू शकाल.

या धातुसेनाची कथा आपल्यातल्या इतिहास शिक्षिकेसाठी आहे. त्याचा मुलगा कश्यप याने राज्य बळकावले आणि खजिना कुठे आहे ते सांग, म्हणून बापाला कैद केले. वृद्ध राजाने मुलाच्या माणसांना कलावेवच्या काठावर नेले, ओंजळीत पाणी घेतले आणि माझी सारी संपत्ती ती हीच, असे सांगितले. संतापलेल्या कश्यपाने त्याला भिंतीत चिणून मारले, असे इतिवृत्त म्हणते. तोच कश्यप भावाच्या भीतीने सिगिरियाच्या कातळावर जाऊन राहिला. इ.स. ४७७ ते ४९५ ही त्याची राजवट. आसपासच्या रानातून सुमारे १८० मीटर वर उठलेल्या त्या एकांड्या खडकावर राजवाड्याचे चौथरे आहेत, मध्यावर भिंतीचित्रे आहेत, आणि वर जायच्या जिन्याशी विटा आणि गिलाव्याने घडवलेले सिंहाचे दोन प्रचंड पंजे आहेत. पायथ्याशी मात्र जी जल-उद्याने आहेत, त्यांतील कारंजी पावसाळ्यात अजूनही उडतात. बापाच्या पाण्याची विद्या मुलानेही टाकली नाही, असे मला तिथे उभे राहून वाटले.

सिगिरियाला सुमारे १२०० पायऱ्या आहेत. मी सकाळी अकराला चढायला लागलो आणि अर्ध्यावर पस्तावलो. आपण सकाळी दार उघडताच चढा. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी खालची उद्याने पाहून थांबले तरी फार काही बुडत नाही. कातळावर आग्या मधमाश्यांची पोळी आहेत, तेव्हा ‘शांत राहा’ अशा पाट्या दिसतील, त्या गंभीरपणे घ्याव्यात.

अनुराधपूर हे त्याआधीचे, हजार वर्षांहून अधिक काळ राजधानी असलेले नगर. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात इथे आणली आणि ते झाड आजही सोन्याच्या कठड्याआड उभे आहे. माणसाने लावलेले आणि लागवडीचा काळ ठाऊक असलेले जगातील सर्वांत जुने झाड म्हणून ते ओळखले जाते. जवळचा जेतवन स्तूप महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस आरंभला. विटांच्या या राशीची मूळ उंची १२२ मीटर होती. ही झाली आपली बाजू. यजमानांची बाजू अशी की याच महासेनाने मिन्नेरिया हे तळेही बांधले, आणि तिथले शेतकरी आजही त्याला मिन्नेरियाचा देव मानून पूजतात.

निसर्ग वेगळा शोधावा लागत नाही, तो याच मिन्नेरियात आहे. कोरड्या महिन्यांत तळे आटू लागले की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते आणि आसपासच्या जंगलांतले शेकडो हत्ती, पिलांसकट, तिथे जमतात. जुलैअखेर ते ऑक्टोबर हा त्याचा काळ. राजाने भातासाठी बांधलेले तळे सतराशे वर्षांनी हत्तींचे कुरण झाले आहे. अलीकडे मोरगहकंद या नव्या धरणाचे पाणी ऐन कोरड्या महिन्यांतही इकडे येऊ लागल्याने कधी गवत पाण्याखाली राहते आणि हत्ती कवडुल्ल किंवा हुरुलु या शेजारच्या रानांकडे जातात; म्हणून कळप सध्या कुठे आहे हे स्थानिक जीपवाल्याला विचारूनच तिकीट काढावे. हत्तीवर बसायची सोय दाखवणाऱ्यांकडे मात्र पाठ फिरवावी, असा माझा आग्रह आहे.

पोलोन्नरुवात आपल्याला आणखी एक ओळखीची खूण भेटेल. राजराज चोळाच्या सैन्याने दहाव्या शतकाच्या अखेरीस अनुराधपूर घेतले आणि चोळांनी राजधानी इथे हलवली. त्या काळातले दगडी शिवमंदिर अजून उभे आहे आणि ते राजराजाच्या राणीच्या नावाने ओळखले जात असे. तिथून थोड्या अंतरावर गल विहार आहे. एकाच कातळात कोरलेल्या चार बुद्धमूर्तींपैकी पहुडलेली मूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे. उशीवर डोके टेकले तिथे दगडाची उशी किंचित दबलेली दाखवली आहे, ती जवळ जाऊन पाहा.

आठ दिवसांपैकी पाच या भागाला द्या आणि दांबुल्ल किंवा हबरण येथे एकाच ठिकाणी मुक्काम ठेवा. सगळी स्थळे तिथून एक-दीड तासाच्या आत आहेत. उरलेले तीन दिवस कँडी आणि डोंगराळ भागाला पुरतात. चहाचे मळे दिसतीलच. १८६७ साली जेम्स टेलर याने कँडीजवळ चहाची पहिली व्यापारी लागवड केली आणि कॉफी रोगाने मेल्यावर सारा डोंगर चहाने व्यापला. घाटातला रेल्वेप्रवास सुंदर आहे, पण तिथे दरडी कोसळतात, तेव्हा मार्ग सुरू असल्याची खात्री निघण्यापूर्वी करून घ्या. कोलंबोत मुक्काम करू नये. विमानतळ शहरापासून दूर, निगोंबोजवळ आहे आणि तिथूनच थेट आत निघता येते.

महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा हा देश आहे आणि त्यात युनेस्कोच्या यादीतील आठ वारसास्थळे आहेत, त्यामुळे अंतरे दमवत नाहीत. सोलापूरहून मुंबईमार्गे जाता येते, पण चेन्नईची गाडी आपल्या स्थानकावरूनच जाते आणि चेन्नईहून कोलंबोचे विमान दीड तासाचे आहे, हेही लक्षात घ्या. पुरातत्त्व स्थळांची तिकिटे महाग आहेत. सार्क देशांच्या नागरिकांना काही ठिकाणी सवलत मिळते, म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका.

प्रश्न : मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलो तर चालेल का? आणि रामायणातली ठिकाणे दाखवणारी सहल घ्यावी का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : मे महिन्यात नैऋत्येचा पाऊस कोलंबो, गाल्ल आणि डोंगरांच्या पश्चिम उतारावर सुरू होतो, पण अनुराधपूर-पोलोन्नरुव आणि पूर्वेकडचे त्रिंकोमालीचे समुद्रकिनारे तेव्हा कोरडे असतात. दक्षिणेचा किनारा पाहायचा असेल तर डिसेंबर ते मार्च बरा. दिवाळीच्या सुट्टीत मात्र देशभर कुठेही पाऊस गाठू शकतो.

रामायणाच्या सहलीबद्दल स्पष्ट सांगतो. नुवर एलियाजवळचे सीतामातेचे मंदिर आणि त्याशेजारचा ओढा रम्य आहे, श्रद्धेने जावे. पण रावणाची गुहा, रावणाचे विमानतळ असे जे काही दाखवले जाते, त्याला शिलालेखाचा किंवा उत्खननाचा आधार नाही. त्यापायी पोलोन्नरुव गाळणारी सहल घेऊ नये.

प्रश्न : आमच्या घरी पूर्ण शाकाहार आहे. तिथे निभेल का?
– एक वाचक भगिनी, अक्कलकोट

उत्तर : निभेल, पण विचारून खावे लागेल. भात, नारळाच्या दुधातली डाळ, फणसाची आणि भेंडीची भाजी सगळीकडे मिळते. तांदळाच्या शेवयांसारखे इंदिआप्प आणि वाटीच्या आकाराचे आप्प सकाळी मिळतात. अडचण आहे ती ‘उंबलकड’ या सुक्या माशाच्या चुऱ्याची. तो चटणीत आणि कधी भाजीतही दिसणार नाही असा मिसळलेला असतो, म्हणून नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. ‘उंबलकड नको’ असे नाव घेऊन सांगावे. मातीच्या मडक्यातले म्हशीचे दही आणि त्यावर ताडाच्या जातीच्या कितुल झाडाची काकवी, हे मात्र निर्धास्त खावे. आपली शेंगाचटणी पुडीत बांधून न्या; तिथल्या लाल तांदळाच्या भाताशी ती चांगली जुळते.