सासूबाई, दोन मुलं आणि मे महिन्यातली दुबई: आधी दुपार वगळा

मे महिन्यात दुबई झेपेल, पण तुमच्या एजंटने दिलेला सहलीच्या कार्यक्रमाचा तो कागद झेपणार नाही. सहा दिवस, 9 आणि 4 वर्षांची मुलं, 72 वर्षांच्या गुडघेदुखीवाल्या सासूबाई आणि यादीत चौदा ठिकाणं! तुम्ही विचारलंय यातलं काय वगळू. ठिकाणं नंतर वगळा हो, आधी दुपार वगळा.

आम्हीही गोव्याचेच, फोंड्याचे, दोनदा जाऊन आलोय, एकदा मे मध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन आणि एकदा डिसेंबरात आम्ही चौघंच. पहिल्या खेपेला आमच्याही एजंटने (माणूस वाईट नव्हता, पण स्वतः कधी गेला नसावा) जुनी दुबई ठेवली होती दुपारी एक वाजता. आपल्याला वाटतं आपण गोव्याचे, उन्हाचं काय कौतुक, मे मध्ये घरात बसूनसुद्धा घामाने न्हाऊन निघतो आपण. पण तिकडे पारा 38-40 च्या घरात, वाटेत माड नाही की आंबा नाही, फुटपाथ खालून भाजतो आणि भिंती बाजूने, वर खाडीची दमट हवा. वीस मिनिटांत सासरे एका दुकानाच्या पायरीवर जे बसले ते उठेचनात. दुकानदार केरळचा होता, त्याने न विचारता आत घेतलं, पाणी दिलं, आणि मग म्हणाला, या वेळेला इथे आम्हीसुद्धा बाहेर पडत नाही.

गंमत म्हणजे यावरचं औषध आपल्या घरचंच आहे. आपल्याकडे दुपारी जेवून दुकानाचं शटर खाली ओढतात आणि अख्खा बाजार आडवा होतो, बाहेरचे हसतात त्याला, हसू देत. तिथलं सरकारसुद्धा 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करू देत नाही कामगारांना, मग आपण पैसे भरून कशाला भाजून घ्यायचं?

तर दिवस असा पाडा. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे साडेसहाला उठणारी पोरं तिथे पाचला टक्क जागी होणार, चिडू नका, तोच तुमचा फायदा. साडेनऊ-दहापर्यंत उघड्यावरचं जे काय ते उरकायचं, मग मॉल किंवा कुठलंही एसीतलं ठिकाण, मग जेवण आणि झोप, आणि पाच-साडेपाचनंतर परत बाहेर. मे मध्ये सूर्य सातच्या सुमाराला मावळतो आणि त्यानंतरच शहराला खरी जाग येते, रात्री दहालासुद्धा तान्ही पोरं बाबागाडीत बसवून लोक फिरत असतात. हे सगळं जमायला हॉटेल मेट्रोपासून चालत पाच मिनिटांच्या आत हवं, नाहीतर दुपारी परत येणं होतच नाही. बर दुबई, करामा हा भाग बघा, बुर्जुमान स्टेशनवर लाल आणि हिरव्या दोन्ही लाईन मिळतात आणि आपलं जेवणही त्याच भागात.

मेट्रोत बायका-मुलांचा वेगळा भाग असतो, सासूबाईंना तिथे बसवा. आणि मेट्रोत काहीही खायचं-प्यायचं नाही, च्युइंगमसुद्धा नाही, दंड 100 दिरहम. आमच्या सासूबाईंनी भर गर्दीत पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून नातवाच्या तोंडासमोर धरला आणि शेजारची एक बाई इतक्या जोरात नो नो म्हणाली की सासूबाईंनी घाबरून तो लाडू ब्लाउजमध्येच टाकला. अजून दिवाळीला लाडू वळताना हा विषय निघतो.

आता ठिकाणं. सगळ्यात जास्त वेळ जुन्या दुबईला द्या, एजंटने दोन तास दिलेत त्याचे चार करा, पण सकाळी. अल फहिदी म्हणून जुनी वस्ती आहे, मातकट भिंतींच्या अरुंद गल्ल्या आणि घरांवर चौकोनी मनोरे, त्यांना बरजील म्हणतात. वीज नव्हती तेव्हाचा हा एसी. मनोरा चारही बाजूंनी उघडा, कुठूनही वारा आला की तो आत अडकून खाली खोलीत उतरतो. एका घरात बरोबर त्याच्याखाली उभं राहून बघा, मी राहिले, केस कपाळावरून हलले! बाहेर पान हलत नव्हतं. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला हे बुर्ज खलिफापेक्षा जास्त लक्षात राहील, आमच्या मोठ्याला राहिलंय.

तिथून चालत खाडीवर या आणि आब्रा घ्या, म्हणजे लाकडी होडी. आपली फेरीबोट पायी जाणाऱ्याला फुकट, तिथे एक दिरहम, तो होडीवाल्याच्या हातात द्यायचा. मधोमध बाक, दोन्ही बाजूंनी पाय खाली सोडून लोक बसलेले, डिझेलचा वास, आणि समोर धक्क्यावर लाकडी गलबतांत फ्रिज, टायर, गोणी काय काय चढवत असतात. सासरे रायबंदर-चोडण फेरीवर जन्म काढलेला माणूस, ते तीनदा इकडून तिकडे गेले, तीन दिरहममध्ये एवढे खुश झालेले मी त्यांना दुसरीकडे पाहिलं नाही. सासूबाईंना चढ-उतार करताना मात्र दोन्ही बाजूंनी धरा, होडी हलते. पलीकडे देरा, मसाल्याचा आणि सोन्याचा बाजार. सोनं बघा, फोटो काढा, पण नणंदेने सांगितलं म्हणून बांगड्या घेऊन येऊ नका, दागिन्यांची ड्युटी-फ्री सवलत एक वर्षाहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांना असते, सहा दिवसांच्या पर्यटकाला नाही.

यादीत नसलेलं एक ठिकाण घाला, देऱ्यातलं वॉटरफ्रंट मार्केट. मासळी बाजार आहे, पण पूर्ण एसी. इसवण (सुरमई), हामूर, सुंगटं (कोळंबी) असे ढीग लावलेले आणि खाली चिखल नाही. सासूबाई मासे खाणाऱ्या असतील तर त्यांचा एक तास मजेत जाईल, आमच्यांनी तर प्रत्येक ठेल्यावर कल्ले उघडून बघितले, घ्यायचं काही नव्हतंच.

बुर्ज खलिफा, 828 मीटर, तर बघायचाच आहे म्हणता. 124-125 व्या मजल्याची तिकिटं पुरतात, 148 ची गरज नाही, आणि सूर्यास्ताची वेळ सगळ्यात महाग असते म्हणून सकाळचा स्लॉट ऑनलाईन आधी घ्या. मेट्रो स्टेशनपासून दुबई मॉलपर्यंत एसी पूल आहे, सरकते पट्टे आहेत, तरी पाऊण किलोमीटरच्या वर अंतर भरतं, गुडघेवाल्या माणसाला टॅक्सीनेच न्या. मॉलमध्ये व्हीलचेअर मिळते, मागायला लाजू नका, आम्ही लाजलो आणि संध्याकाळी सासूबाईंचे पाय सुजले. मत्स्यालयाची मोठी काच मॉलच्या आतूनच फुकट दिसते, चार वर्षांच्या पोराला तेवढं बास. फ्यूचर म्युझियम बाहेरूनच सुंदर आहे, मेट्रोतून जाता जाता दिसतं, ते तिकीट वाचवा. त्यापेक्षा दुबई फ्रेम घ्या, 150 मीटर उंच, एका बाजूला जुनं शहर आणि दुसऱ्या बाजूला टॉवर, मधे काचेची जमीन, आणि बुर्जच्या मानाने बरीच स्वस्त.

मिरॅकल गार्डन आणि ग्लोबल व्हिलेज ही दोन्ही थंडीच्या हंगामातली, उन्हाळ्यात बंद असतात. तुमच्या तारखांना ती उघडी आहेत का ते एजंटकडून लेखी घ्या, नुसतं पॅकेजमध्ये आहे म्हटल्याने फुलं उमलत नाहीत. बीचला तर जाऊच नका, बीच बघायला गोव्यातून दुबईला?

डेझर्ट सफारीत टायरमधली हवा कमी करून गाडी वाळूच्या टेकड्यांवरून उडवतात. गुडघे-कंबरवाल्यांना आणि भरल्या पोटी पोरांना ते नको. बुक करतानाच सांगा की आम्हाला सरळ कॅम्पवर सोडा, सोडतात. तिथे संध्याकाळची वाळू, उंट, जेवण, एवढं पुष्कळ.

एक दिवस अबूधाबी ठेवा, गाडीने दीड तास. शेख झायेद मशिदीत प्रवेश फुकट, पण आधी ऑनलाईन नोंदणी आणि कपडे अंगभर, बायकांनी डोकं झाकायचं. त्याच दिवशी 2024 मध्ये उघडलेलं बीएपीएस संस्थेचं स्वामीनारायण मंदिर जोडा, गुलाबी दगडाचं, त्या देशाच्या सात अमिरातींची (म्हणजे राज्यांची) सात शिखरं. त्यालाही नोंदणी लागते. आमच्या वेळी ते नव्हतं, नाहीतर सासूबाईंनी बाकी सगळी यादी माफ केली असती.

आता घरी बसून करायची कामं, ही आजच करा. सासूबाईंचा पासपोर्ट काढून बघा, नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरलेत ना? 2022 च्या नोव्हेंबरपासून एकाच नावाच्या पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसाला अडवतात आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचं हेच असतं. दुसरं, गुडघ्याच्या गोळ्यांची स्ट्रिप वाचा, ट्रामाडोल किंवा कोडीन असेल तर ते तिथे नियंत्रित औषध आहे, आधी परवानगी घ्या किंवा डॉक्टरांकडून बदलून घ्या. आणि खसखस! यूएईत, म्हणजे दुबई-अबूधाबीच्या अख्ख्या देशात, बंदी आहे. खसखस म्हणजे फक्त पुडी नाही हो, आपल्या शागुतीच्या (कोंबडी-मटणाच्या रश्श्याच्या) मसाल्यात असते, अनारशांवर असते. शारजाहातल्या वहिनींना प्रेमाने मसाला न्यायचा बेत असेल तर तो घरीच ठेवा.

गोव्यात विमानतळ दोन, तिकीट मोपाचं आहे की दाबोळीचं तेही परत एकदा बघा, परतीचं पण. आमच्या ओळखीतल्या एकांची गाडी दाबोळीला पार्क केलेली आणि उतरले मोपाला.

कपड्यांत सुती घ्या, पण प्रत्येकाला एक शाल किंवा जॅकेट हवंच, बाहेर चाळीस आणि आत एसी असा की आमची धाकटी तिसऱ्या दिवशी शिंकायला लागली. पैशाच्या हिशेबाला मी दिरहम चालू भावापेक्षा थोडा जास्तच धरते, म्हणजे परत आल्यावर धक्का बसत नाही.

डिसेंबरात ढकलता आलं तर बघा, हवा मस्त असते, आणि तेव्हा गोवा बाहेरच्या गर्दीने तुंबलेला असतो म्हणून आपण पळालेलं बरं. महाग पडतं ते मात्र खरं. मे च ठरला असेल तर हॉटेलचं नाव इथे टाका, मेट्रोपासून किती लांब आहे ते बघून सांगते.