क्रिटिकल रेस थिअरी म्हणजे नेमकं काय?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत तुमच्या बहिणीच्या मुलांच्या शाळेत क्रिटिकल रेस थिअरी शिकवण्यावरून पालकांमध्ये जुंपली आहे. तर ही क्रिटिकल रेस थिअरी म्हणजे गोऱ्या मुलांना वाडवडिलांच्या पापाबद्दल दोषी ठरवणं, एवढंच का?

नाही. कायदा आणि वंशभेद यांचं नातं तपासणारी ही एक विचारधारा आहे. उलट, कोणाच्या मनात काय आहे याकडे न पाहता नियम काय करतात ते पाहा, असा तिचा आग्रह आहे. मला ती पुस्तकातून कळली नाही, घराच्या कागदांतून कळली.

आम्ही मेरीलँडमध्ये एक जुनं घर घेतलं, तेव्हा त्या जागेची आधीची खरेदीखतं चाळायला मिळाली. त्यातल्या १९४० च्या सुमाराच्या एका खतात, कुंपण किती उंच असावं आणि कोंबड्या पाळू नयेत या अटींच्या मधोमध एक कलम होतं. गोऱ्या वंशाखेरीज कोणालाही ही जागा विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, इथे राहू द्यायचं नाही; घरकामाचे नोकर तेवढे चालतील. मी ते कलम दोनदा वाचलं. ज्या खोलीत माझी मुलं अभ्यास करतात, तिथे त्या काळी मला फक्त नोकर म्हणून राहता आलं असतं.

पण 'गोरा' कोण, हे ठरवायचं कोणी? ते न्यायालयांनी ठरवलं. त्या काळी परदेशातून आलेल्याला अमेरिकेचं नागरिकत्व हवं असेल तर तो गोरा किंवा आफ्रिकी वंशाचा असावा लागे. ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा (तेव्हाचं वंशशास्त्र युरोपीय लोकांना ज्या गटात धरायचं तो), आणि तुम्ही तसे नाही. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा निकाल लागला. हे पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते. तेव्हाचं वंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणतं, हा त्यांचा मुद्दा होता. त्यावर त्याच न्यायालयाने म्हटलं की शास्त्राचं राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तींनी लिहिले. वंश निसर्गाने आखून दिलेला नसतो, समाज आणि कायदा मिळून तो घडवतात, असं ही थिअरी म्हणते ते यावरूनच.

आता घराकडे परत येतो. अशी कलमं न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असं १९४८ मध्ये ठरलं. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातला वंशभेदच बेकायदा झाला. मग विषय मिटला का?

१९३४ पासून सरकार घरकर्जांना हमी देऊ लागलं होतं. काळ्यांची वस्ती असलेले भाग नकाशांवर लाल रंगवले जात, धोक्याचे म्हणून, आणि तिथे अशी कर्जं मिळणं जवळजवळ अशक्य असे. ज्या कुटुंबांना तेव्हा घर घेता आलं त्यांच्या घराची किंमत पुढच्या काळात वाढत गेली. त्यावर मुलांची कॉलेजं झाली, नातवंडांच्या घराचे सुरुवातीचे पैसे भरले गेले. शिवाय इथल्या शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ताकरातून चालतो, म्हणजे घरं स्वस्त तिथे शाळाही गरीब. आज बँकेतला माणूस कोणाचा रंग विचारत नाही, फक्त हातात किती रक्कम आहे ते विचारतो. त्याच्या मनात कसलाही द्वेष नसेल, तरी उत्तर पुष्कळदा जुन्या नकाशाप्रमाणेच येतं. कायद्यातला भेद गेला तरी फरक का उरतो, हाच या थिअरीचा मूळ प्रश्न.

तो १९७० नंतर कायद्याच्या प्राध्यापकांनी विचारला. त्यांतले डेरिक बेल हे हार्वर्ड लॉ स्कूलमधले कायमस्वरूपी नेमणूक मिळालेले पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. शाळांमधली वर्णानुसार विभागणी घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा निकाल नुसत्या सद्भावनेतून आला नाही, असं ते म्हणत. शीतयुद्धात अमेरिकेची जगभर नाचक्की होत होती आणि ती थांबवण्यात गोऱ्यांचंही हित होतं. त्या खटल्यात सरकारने स्वतःच न्यायालयाला सांगितलं होतं की या भेदभावामुळे कम्युनिस्ट प्रचाराला खाद्य मिळतंय.

किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये जनरल मोटर्सविरुद्धचा एक खटला उलगडून दाखवला. पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला होता. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना घेतलंच नव्हतं. पुढे सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली, तेव्हा उशिरा घेतलेल्या या स्त्रियाच आधी गेल्या. न्यायालय म्हणालं, कंपनीत बायका आधीपासून आहेत, मग स्त्री म्हणून भेदभाव कुठे? त्या बायका गोऱ्या होत्या. वंशाची तक्रार असेल तर दुसऱ्या खटल्यात सामील व्हा, असं सुचवलं, आणि दोन्ही मिळून एक तक्रार ऐकायला नकार दिला. ज्येष्ठतेच्या नियमात रंगाचा उल्लेखही नव्हता. आपल्याकडच्या दलित स्त्रियांना हे उदाहरण समजावून सांगावं लागणार नाही.

या विचाराला टीकाकारही आहेत, आणि सगळे काही गोरे नाहीत. हार्वर्डचेच कृष्णवर्णीय प्राध्यापक रँडल केनेडी यांनी १९८९ मध्येच आक्षेप घेतला की अभ्यासकाचा वंश हा त्याच्या लेखनाच्या दर्जाचा पुरावा होऊ शकत नाही. तो मला पटतो. प्रत्येक तफावतीमागे वंशच शोधणारे लोकही मी पाहिलेत, तेही मला मान्य नाही.

राहिली शाळा. ही थिअरी मुळात कायद्याच्या उच्च शिक्षणातली. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी सरकारी प्रशिक्षणांतून ती हद्दपार करण्याची मोहीम काढली, तेव्हापासून गुलामगिरीच्या धड्यापासून ऑफिसातल्या एखाद्या वाईट कार्यशाळेपर्यंत सगळ्यालाच हे नाव चिकटलं. काही वर्गांत मुलांना खरोखर रंगावरून लाजवलं गेलं असेल, तर ते चूक आहे आणि पालकांनी ते थांबवावं. पण त्या नावाखाली लाल नकाशांचा धडाच काढून टाकला, तर मुलांना समोरची वस्ती अशी का आहे हे कधीच कळणार नाही, आणि मग ती मानतील की तिथले लोकच तसे आहेत. बहिणीला सांगा, सभेला जाण्याआधी शिक्षकांकडून तो धडा मागवून घे आणि अख्खा वाच.