नायिका नवी वकील असेल तर

आपल्या रहस्यकथेची नायिका सोलापुरात नुकतीच स्वतंत्र वकिली करू लागली असेल, तर तिच्याकडे थेट खुनाचा खटला सोपवू नये. पूर्व भागातील यंत्रमाग कामगाराची तेलुगूभाषक विधवा नुकसानभरपाईसाठी येते, वकीलपत्रावर सही करते आणि पिशवीतून अकस्मात मृत्यूचा पंचनामा काढते, एवढी सुरुवात पुरेशी आहे. पंचनाम्यातील आणि शवविच्छेदन अहवालातील वेळा जुळत नाहीत, हे वाचकाच्या आधी तिला उमगू नये. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, त्यामुळे त्यावर शेवट बेतू नये (अनेक हस्तलिखिते इथेच कोसळतात). गुन्हा १ जुलै २०२४ रोजीचा किंवा त्यानंतरचा असल्यास भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहितेची कलमे घ्यावीत.